जावईबापूंची तक्रार

त्या एका पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं.

बाकी सात वर्षांत कुणाचंही पत्र येवो, दुपारच्या चहाआधी त्याचं उत्तर पाकिटात गेलेलं असायचं. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर, लेखी तक्रारींच्या खोलीत तो एकटाच बसायचा. हल्ली पत्रं लिहितं कोण? दिवसाला चार-पाच यायची. बहुतेक म्हाताऱ्या माणसांची, नाहीतर फोनवर ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’ करता करता ज्यांची बोटं आणि धीर दोन्ही संपले होते अशांची. ऑफिसात त्याला सगळे पत्रमास्तर म्हणत. त्याला ते नाव आवडायचं की नाही हे कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही कुणाला सांगितलं नव्हतं.

उत्तरं त्याला लिहावी लागत नसत, निवडावी लागत. कंपनीने बावीस नमुने छापूनच ठेवले होते. सातव्यात दिलगिरी, चौदाव्यात ‘यंत्र बंद करून पुन्हा चालू करून पाहावे’. बाविसावा होता यंत्र बदलून देण्याचा. तो विभागप्रमुख बाईंच्या सहीशिवाय निघत नसे, आणि हमीची मुदत संपायच्या आत पाकिटावर टपालाचा शिक्का पडला तरच चालत असे. सात वर्षांत तो दोनदाच निघाला होता. आणि कुठलाही नमुना असो, उत्तर टपालात पडलं की तक्रार बंद. संगणकावर ‘उघडी’ पुसून ‘बंद’ उमटायचं, आणि लिहिणारं माणूस त्याच्या टेबलावरून कायमचं निघून जायचं.

ते पत्र निळ्या शाईत होतं, अक्षर किंचित डावीकडे झुकलेलं.

‘महाशय,’ असं सुरू करून तिने लिहिलं होतं, ‘तुमचा झाडू मारणारा रोबो मी आत्यासाठी घेतला. तिचे गुडघे वाकत नाहीत आणि धुळीने तिला धाप लागते. तीन महिने त्याने नेकीने काम केलं. मग एके दिवशी माझ्या फोनवर निरोप आला, की तुमचं यंत्र आता अधिक हुशार झालं आहे. तेव्हापासून तो हुशार माणसांसारखाच वागतो, म्हणजे काम करत नाही. थेट आत्याच्या पलंगाखाली जातो आणि तिथून म्हणतो, कृपया मला मोकळ्या जागेत ठेवा. जिला वाकता येत नाही तिला! आत्याने त्याचं नाव जावईबापू ठेवलंय. सगळं घर हिंडतो, कामाचं नाव नाही, जरा मनाविरुद्ध झालं की कोपऱ्यात जाऊन रुसतो, आणि वर वेळच्या वेळी खायला घालावं लागतं. मी तिला म्हटलं, आत्या, खरा जावई अजून यायचाय, त्याचा राग याच्यावर काढू नकोस. तर म्हणाली, खरा याच्यापेक्षा बरा निघेल असं तुला कुणी सांगितलं?

‘तुमचा मेकॅनिक येणार म्हणून ती सकाळपासून दार उघडं टाकून दारातच खुर्ची मांडून बसली होती. संध्याकाळी मला निरोप आला – ग्राहक घरी नसल्याने भेट रद्द. आत्या विचारते, मी घरी नव्हते तर मग होते कुठे, तेवढं त्यांना विचारून सांग.’

रिकाम्या खोलीत तो मोठ्याने हसला, आणि आपल्याच हसण्याने दचकला. मग बावीस नमुने चाळले. एकही बसेना. ज्या बाईने हे लिहिलं तिला चौदावा नमुना पाठवणं म्हणजे... नको. त्याने कोरा कागद घेतला. ‘आपल्या आत्यांना सांगावे की त्या घरीच होत्या’ असं लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. असं लिहिणारा मी कोण? लिहिणं इतरांचं काम, आपलं काम पाकीट चिकटवण्याचं. शेवटी पत्र त्याने खणात, शब्दकोशाखाली ठेवलं. उद्या बघू.

उद्याचे तीन आठवडे झाले, आणि दुसरं पत्र आलं. ‘महाशय, की महाशया, की आणखी एक यंत्र? माणूस असाल तर एक ओळ पाठवा. यंत्र असाल तर स्वतःला बंद करून पुन्हा चालू करून पाहा.’ खाली तारीख होती. एरवी ऑफिसातून घरी जाताना त्याच्या डोक्यात दिवसभरातलं काही उरत नसे. त्या दिवशी मात्र बसथांब्यावर उभ्या उभ्या त्याला हसू फुटत राहिलं.

मग त्याच्या लक्षात आलं. उत्तर दिलं असतं, तर हे दुसरं पत्र आलंच नसतं.

त्यानंतर तो उत्तर द्यायचं विसरला असं म्हणता येणार नाही. तो रोज आठवणीने देत नव्हता. पाचव्या आठवड्यात तिसरं पत्र आलं. हमी येत्या एकोणीस तारखेला संपते, एवढंच कोरडं वाक्य आणि सही. ते वाचून त्याला हसू आलं नाही. उद्या नक्की, असं त्याने ठरवलं... आणि दुसऱ्याच दिवशी, महिन्याच्या तीन तारखेला, मंगळवारी, त्याचे इअरफोन बिघडले.

ते इअरफोन त्याच्याच कंपनीचे. तळमजल्यावर ग्राहकांचा हॉल होता, तिथल्या काउंटरवरची माणसं त्याला रोज जिन्यात दिसायची. ‘जरा बघता का’ एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण ते म्हणणं त्याला जड गेलं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो खाली उतरला, यंत्रातून टोकन घेतलं आणि परक्या ग्राहकासारखा बाकावर जाऊन बसला. टोकन चौऱ्याऐंशी. भिंतीवरचा फलक एक्केचाळीसवर अडकलेला.

“तो सकाळपासून एक्केचाळीसच दाखवतोय,” शेजारून आवाज आला. “मला वाटतं, एक्केचाळीसवाला वारला.”

त्याने वळून पाहिलं. मांडीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन एक तरुणी बसली होती. एखादं बाळ थोपटावं तसा तिचा हात त्याच्यावर होता. चादरीच्या टोकातून एक गोल काळी कड दिसत होती.

“तुमचं काय बिघडलंय?” तिने विचारलं.

त्याने तळहात उघडून दाखवला. एक कान चालतो, एक नाही.

“अरेरे. विधुर झाला.” तिने त्या दोन छोट्या गोळ्यांकडे खऱ्याखुऱ्या दुःखाने पाहिलं. “वायर होती तेव्हा बरं होतं. गुंता व्हायचा, पण सोडवायला दोघं बसायचे तरी.”

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, की हल्ली फोन मोठे होत चाललेत आणि खिसे लहान. तिला ते फार पटलं. बायकांच्या कपड्यांना तर खिसेच नसतात, त्यामुळे फोन हातात धरून तिच्या अंगठ्याला घट्टा पडलाय, असं म्हणत तिने अंगठा दाखवला. मग दोघांचं जे सुरू झालं ते थांबेना. दार उघडं राहिलं म्हणून ओरडणारा, पण स्वतः ते लावू न शकणारा फ्रिज. तीन रिमोट असूनही आवाज कमी न होणारा टीव्ही. तिच्या मनगटावरचं घड्याळ तासातासाला तिला ‘उभ्या राहा’ म्हणून सांगायचं. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून काचा बसवायची, दिवसभर उभीच असायची. बसल्यावर ते एकदाही ‘शाब्बास’ म्हणत नाही, ही तिची खरी तक्रार होती. मंगळवारी दुकान बंद, म्हणून ती आज आली होती.

बोलता बोलता तिने एकदम त्याच्या चेहऱ्याकडे रोखून पाहिलं.

“हलू नका,” ती म्हणाली. “तुमचा चष्मा डावीकडे उतरलाय. मला बघवत नाही.”

पर्समधून तिने बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर काढला, त्याच्या नाकावरून अलगद चष्मा उचलला, बिजागरीचा स्क्रू अर्धा फेरा आवळला. त्या अर्ध्या मिनिटात सगळा हॉल त्याच्यापुरता धूसर झाला. फक्त तिच्या हाताचा स्पिरिटचा आणि साबणाचा वास तेवढा स्वच्छ. मग चष्मा परत चढला, तिच्या दोन बोटांची टोकं त्याच्या कानामागे क्षणभर टेकली – आणि जग इतकं सरळ दिसलं की त्याला हसू आलं.

“आता या यंत्राचं सांगा,” तो धीर करून म्हणाला. “याला काय झालंय?”

“याला काही नाही झालं. जे झालंय ते वरच्यांना.” तिने छताकडे बोट केलं. “खालचे म्हणतात, तुमची तक्रार लेखी विभागात उघडी आहे, त्यांचं उत्तर गेल्याशिवाय आम्हाला हात लावता येत नाही. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी दगड बसवलाय. मी तीन पत्रं लिहिली. निळ्या शाईत, हाताने. दगडाला काय?”

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच वेळी, आणि हेच त्याला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही, त्याच्या छातीत आनंदाने नुसता धुमाकूळ घातला होता. ही. हीच ती. डावीकडे झुकलेलं अक्षर याच हाताचं.

सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात फलकाने एकदम एक्केचाळीसवरून ब्याऐंशीवर, तिच्या आकड्यावर उडी मारली, ती उठली, काउंटरवर गेली, आणि पाच मिनिटांत लाल चेहऱ्याने परत आली. पुढच्या मंगळवारी या म्हणाले.

“तुम्ही येणार?” तिने विचारलं. “तुमच्या विधुरासाठी?”

“येणार,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी उत्तर पाठवलं असतं तर बुधवारी तिचं काम झालं असतं. पुढच्या मंगळवारी ती आली नसती. तो खुर्चीत बसून राहिला, आणि खण उघडला नाही.

दहा तारखेला त्याने नवीन टोकन घेतलं. काउंटरवरच्या माणसाने त्याला ओळखून भुवई उंचावली, तेव्हा त्याने अशा काही काकुळतीने मान हलवली की तो बिचारा गप्पच बसला. ती आली. त्या दिवशी दोघांनी एकच इअरफोन, जो चालत होता तो, आळीपाळीने कानाला लावून एक जुनं गाणं ऐकलं. अर्धं तिने, अर्धं त्याने. मधेच ती म्हणाली, की तुम्ही कमी बोलता, पण ऐकता असं की पुढचं माणूस जास्त बोलतं. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग ती आत्याबद्दल बोलली. घरात धूळ साचतेय, आपल्या एकटीच्याने सगळं पुरं होत नाही, काल रात्री आत्या तासभर उशाशी टेकून बसून होती, आडवंच होता येईना. हसत हसत सुरू झालेली ती मधेच मांडीवरची चादर उगाच नीट करत राहिली.

तो घरी गेला पण जेवला नाही. आजच्या आज द्यायला हवं होतं. आणि दिलं असतं तर उत्तराखाली सही कुणाची? तिसऱ्या मजल्यावरच्या दगडाची. ती सही पाहिल्यावर ती पुन्हा तोंड बघेल का आपलं? आधी स्वतः सांगायचं, मग उत्तर. येत्या मंगळवारी. नक्की.

सतरा तारखेला तो सुट्टी होण्याआधीच खाली येऊन बसला. काय बोलायचं ते पाठ केलेलं. ती दारातून आत आली, कडेवर चादर, वाऱ्याने विस्कटलेले केस, आणि त्याला पाहून अशी काही हसली की पाठ केलेलं सगळं उडून गेलं. जागा करून देत तो आनंदाच्या भरात बोलून गेला –

“या, या. कसे आहेत आमचे जावईबापू?”

ती बसता बसता थांबली.

“काय म्हणालात?”

त्याला अजून कळलं नव्हतं.

“हे नाव मी इथे कधी घेतलेलं नाही,” ती हळू म्हणाली. “घरात घेतो आम्ही. आणि मी एकदाच लिहिलंय. एका पत्रात.”

आजूबाजूला टोकनची यंत्रं टुणटुणत होती. त्याने मान खाली घातली. तेवढंच उत्तर पुरेसं होतं.

“तुम्ही,” ती म्हणाली. “तो दगड.”

“मी... हो.”

“दोन मंगळवार माझ्या शेजारी बसून तुम्ही मला दगडाला शिव्या घालू दिल्यात. वर मान डोलावलीत.” तिचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. “आत्याला रात्री बसून काढावी लागते हे सांगितलं तेव्हासुद्धा मान डोलावलीत.”

तो काहीतरी पुटपुटला. तिने हात वर केला.

“तोंडी नको. मी लिहून विचारलंय, तुम्ही लिहून सांगा. आणि ते बावीस की किती छापील नमुने आहेत म्हणे तुमच्याकडे, काउंटरवरच्यांनी सांगितलं, त्यातलं नको.” चादर छातीशी घेऊन ती निघाली. दारापाशी वळून म्हणाली, “परवा एकोणीस तारीख आहे.”

बुधवारी त्याने सात कागद फाडले. गुरुवारी दुपारी आठवा फाडला नाही. तो आणि तिची तीन पत्रं घेऊन तो विभागप्रमुख बाईंसमोर जाऊन उभा राहिला. बाई फार कमी बोलायच्या आणि त्याहून कमी हसायच्या. त्यांनी पहिलं पत्र वाचलं. पलंगाखालच्या ओळीशी त्यांच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला. तिन्ही तारखा पाहिल्या, आणि चष्म्यावरून त्याच्याकडे.

“सात आठवडे?”

थापा मारता येत असत्या तर त्याने मारल्या असत्या. “उत्तर दिलं असतं तर पुढचं पत्र आलं नसतं,” तो म्हणाला.

बाईंनी तिन्ही पत्रं एकावर एक नीट रचली. हे परत झालं तर ती खुर्ची तुमची राहणार नाही, एवढं त्यांनी सांगितलं आणि बाविसाव्या नमुन्यावर सही केली. आठव्या कागदाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. तो वळला तेव्हा मागून म्हणाल्या, “पत्रमास्तर, पाचला टपालखिडकी बंद होते.”

घड्याळात साडेचार. बाहेर भुरभुर सुरू झाली होती. पाकीट शर्टाच्या आत धरून तो पळत सुटला. सात वर्षांत या माणसाला कुणी पळताना पाहिलं नव्हतं. आत नमुन्यामागे आठवा कागद होता, आणि त्यावर लिहिलं होतं:

‘आपली तिन्ही पत्रं त्या त्या दिवशीच मिळाली. आपल्या आत्या त्या दिवशी घरीच होत्या. खोटं आमच्या निरोपात होतं. नवीन यंत्र घेऊन मेकॅनिकबरोबर मी स्वतः येईन आणि बेल वाजवीन. त्यांनी दारात बसू नये, वारा लागतो.

‘उत्तर का दिलं नाही याचं कारण कंपनीचं नाही, माझं आहे. उत्तर दिलं की तक्रार बंद होते, आणि मला आपलं पुढचं पत्र यायला हवं होतं. मग मंगळवार यायला हवा होता. त्यापायी एका आजारी बाईला मी धुळीत ठेवलं. हे प्रेम असेल तर फार स्वार्थी आहे. आणि ते प्रेमच आहे. मी शब्दकोशातही बघितलं, दुसरा शब्द सापडला नाही.

‘नमुन्याची शेवटची ओळ असते, आपली तक्रार बंद करण्यात येत आहे. ती मी यंत्रापुरती लिहितो. माझ्याविरुद्धची तक्रार आपण हवी तितके दिवस उघडी ठेवावी. खाली घरचा पत्ता आहे. ऑफिसात पत्र आलं तर मला पुन्हा उत्तर द्यावंसं वाटणार नाही.’

टपालघरात रांग होती. पाच माणसं. चौथ्या माणसाच्या जागी, हातात पाकीट घेऊन, ओले केस कानामागे सारत ती उभी.

दोघांनी एकमेकांना एकदमच पाहिलं. त्याला धाप लागली होती. तिची नजर त्याच्या शर्टावरून चुरगळलेल्या पाकिटावर गेली. त्यावर तिचंच नाव आणि तिच्याच घराचा पत्ता.

“द्या इकडे,” ती म्हणाली.

“नाही.”

तिलाच काय, कुणालाच तो आजवर असं ठामपणे ‘नाही’ म्हणाला नव्हता. “शिक्का लागतो,” तो घाईघाईने म्हणाला. “आजचा. शिक्क्याशिवाय यंत्र बदलत नाही.”

“मी समोर उभी आहे, आणि तुम्ही मला टपालाने पाठवणार?”

“दोन दिवसांत मिळेल.”

“सात आठवडे थांबले, आता दोन दिवस आणखी.” तिने ओठ घट्ट मिटले होते, पण ते फार वेळ मिटून राहतीलसं दिसेना. “एवढं जाड का आहे?”

“एक बाविसावा नमुना आहे. आणि एक... ज्याला नंबर नाही.”

तिने नुसतं स्वतःचं पाकीट त्याच्यासमोर धरलं. निळ्या शाईत, डावीकडे झुकलेल्या अक्षरात – ‘तिसऱ्या मजल्यावरील दगड यांस’.

“यात काय आहे?” त्याने विचारलं.

“एकच ओळ. आत्याने सांगितलेली आहे, मी फक्त लिहून घेतली. ती काय म्हणाली, की इतका मुखदुर्बळ माणूस तीन मंगळवार रांगेत येऊन बसतो, म्हणजे तो पलंगाखालच्यापेक्षा नक्की...” आणि ती थांबली. “दोन दिवसांत मिळेल.”

खिडकीतल्या माणसाने शिक्का हातात तोलत विचारलं, की पाचला चार मिनिटं आहेत, तुमचं आधी भांडण उरकायचं की आधी टपाल? रांगेतल्या पुढच्या तिघांनी सरकून त्यांना वाट करून दिली.

तिने हात वर केला. पळताना त्याचा चष्मा पुन्हा डावीकडे उतरला होता, काचांवर थेंब होते. तिने तो काढला, ओढणीच्या कोरड्या टोकाने पुसला, बिजागरी बोटाने दाबली आणि नीट चढवला. या वेळी बोटं कानामागे क्षणभर नव्हे, थोडी जास्त टेकली.

“टाक ना आता,” ती म्हणाली.

टाक. टाका नव्हे. ते त्याने ऐकलं, आणि पाकीट खिडकीतून आत सरकवलं. त्याच्यावर तिचं पाकीट पडलं. आतल्या माणसाने दोन्ही सरळ केली, हात उचलला, आणि ठक्... ठक्... एकोणीस तारखेचे दोन शिक्के एकापाठोपाठ एक उमटले.